जळगावचा वाटलेला मिस कॉल

अण्णांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी आठ दिवस जळगावला त्यांच्या उशाशी होते. रविवारी दादाने जवळजवळ जबरदस्तीनेच मला पुण्याच्या गाडीत बसवलं, कारण सोमवारी माझी रजा संपत होती. पुण्याला आले ती अर्धीच आले. रात्री झोपताना फोनचा आवाज पूर्ण वाढवायचा आणि फोन उशीखाली ठेवायचा, एवढंच माझ्या हातात होतं.

मंगळवारी रात्री दोन चाळीसला तो वाजला. एकच रिंग. हात घालून बाहेर काढेपर्यंत बंद झाला. खोलीत अंधार, डोळ्यांवर चष्मा नाही, आणि पडद्यावर २५७, त्याच्यापुढे २२. पुढचं काही वाचायची मला गरजच वाटली नाही. जळगावचा एसटीडी कोड ०२५७. लग्नानंतर पहिली काही वर्षं एसटीडी बूथवर मीटरकडे बघत बघत मी तोच फिरवत आले आहे. शिवाय हॉस्पिटलचा लँडलाइनही २२ पासूनच सुरू होतो. त्या आठ दिवसांत तिथून मला दोनदा फोन आला होता, एकदा रक्ताच्या बाटलीसाठी आणि एकदा पैसे भरायला.

पोटात गोळा आला. आधी दादाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच. मग त्या मिस कॉलवर बोट ठेवलं.

रिंग आपल्याकडच्यासारखी नव्हती. एक लांब टर्रर, मग बराच वेळ शांतता, मग पुन्हा टर्रर. हॉस्पिटलची लाइन खराब असेल असं वाटलं. खूप वेळाने खटका वाजला, मंद संगीत सुरू झालं, आणि मग एका बाईचा आवाज. भाषा कळेना. मी बोलत राहिले, "सिस्टर, जनरल वॉर्ड, अकरा नंबरची कॉट, मी मुलगी बोलतेय पुण्याहून." पलीकडची बाई मध्येच थांबायची, जणू ऐकतेय, आणि परत बोलायला लागायची. लाइन तुटली. मी पुन्हा लावला. तीच टर्रर, तेच संगीत, तोच आवाज. आता आठवतं की दुसऱ्या वेळीही ती बाई अगदी त्याच जागी थांबली होती. पण त्या वेळी वडिलांचं काय झालं याशिवाय डोक्यात दुसरं काही नव्हतं.

तीन वाजून गेल्यावर दादाचा फोन आला. "अगं, सायलेंटवर होता माझा. काय झालं? अण्णा झोपलेत. मघाशीच पाणी पाजलं त्यांना." मी पलंगाच्या कडेवर बसून रडले. मग विचारलं, हॉस्पिटलमधून मला फोन कुणी केला? दादा खाली जाऊन आला. रात्रपाळीच्या माणसाने सांगितलं की बारानंतर तिथून एकही फोन गेलेला नाही.

सकाळी मुलीने माझा फोन घेतला आणि म्हणाली, "आई, हा पुढे प्लस बघ." मी हॉस्पिटलची पैसे भरल्याची पावती काढली, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लाल पेनाने दोन्ही नंबर एकाखाली एक लिहिले आणि आकडे मोजले. पावतीवरच्या नंबरात ०२५७ नंतर सात आकडे. माझ्या मिस कॉलमध्ये २५७ नंतर आठ. आपल्याकडच्या लँडलाइनला कोड आणि नंबर मिळून दहा आकडे होतात, पुढचं शून्य सोडून. इथे अकरा होते. आणि सगळ्यांच्या आधी तो प्लस. जळगावचा फोन मोबाइलवर आला तर ०२५७ दिसेल किंवा +९१ २५७ दिसेल. +२५७ म्हणजे बुरुंडी. आफ्रिकेच्या मध्यावरचा एक छोटा देश. तिथले लँडलाइन नंबरही २२ पासून सुरू होतात. या देशाचं नाव मी तोवर क्वचितच ऐकलं होतं.

ॲपमध्ये 'न बिल झालेला वापर' उघडला. दोन आयएसडी कॉल. एक चार मिनिटं बारा सेकंद, दुसरा सहा मिनिटं एकतीस सेकंद. सुरू झालेलं मिनिट पूर्ण धरत असल्याने बारा मिनिटं झाली. मिनिटाला ९५ रुपये, म्हणजे १,१४० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, २०५ रुपये २० पैसे. एकूण १,३४५ रुपये २० पैसे. महिन्याचं माझं सगळं बिल ४७० रुपयांच्या आसपास येतं.

मला पैशांपेक्षा मिनिटं खटकली. पहिल्या फोनवर मी दीड-दोन मिनिटंच बोलले असेन, बाकीचा वेळ रिंगच वाजत होती. मग चार मिनिटं बारा सेकंद कुठून आली? याचं उत्तर शोधताना सगळी बनवाबनवी कळली, आणि ती कळल्यावर मला जास्त राग आला. अशा फोनवर आपण ऐकतो ती टर्रर पुष्कळदा खरी रिंग नसतेच. पलीकडे फोन आधीच 'उचललेला' असतो आणि रिंगचा आवाज रेकॉर्ड करून वाजवलेला असतो. मीटर पहिल्या टर्ररपासून पळतो. त्यानंतरचं संगीत, न कळणाऱ्या भाषेतलं बोलणं, मधल्या शांतता, सगळं माणसाने फोन ठेवू नये म्हणून रचलेलं. तुम्ही जितका वेळ थांबाल तितकी त्यांची कमाई.

कमाई होते ती अशी. परदेशात फोन केला की आपली कंपनी तो पलीकडे पोचवण्याचे पैसे तिथल्या कंपनीला देते. काही देशांत, काही नंबरांसाठी हा दर फार चढा असतो. ठग मधल्या दलालांमार्फत अशा नंबरांचे गठ्ठे भाड्याने घेतात आणि येणाऱ्या प्रत्येक मिनिटात त्यांचा वाटा ठरलेला असतो. कित्येकदा तो फोन त्या देशात पोचतही नाही, वाटेतच कुठल्यातरी मशीनवर वळवला जातो. म्हणून बुरुंडीच्या लोकांवर राग धरण्यात काही अर्थ नाही. त्यांचा फक्त आकडा वापरला गेला. मिस कॉल द्यायला ठगाला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. मशीन एकामागून एक हजारो नंबर फिरवतं, एक रिंग झाली की तोडतं. जपानमध्ये २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हे प्रकार इतके वाढले की तिथलं नावच जगभर रूढ झालं, 'वानगिरी'. वान म्हणजे इंग्रजीतला 'वन', आणि गिरी म्हणजे तोडणं. एक रिंग आणि तोड.

दोन दिवस मला वाटत होतं की अण्णा हॉस्पिटलमध्ये आहेत हे कुणाला तरी ठाऊक होतं. तसं काही नव्हतं. मशीनला मी कोण हे माहीत नव्हतं, जळगाव माहीत नव्हतं. पण हजारो घरांत रात्री अडीचला रिंग दिली की त्यांतल्या काही घरांत कुणीतरी आजारी असतं, कुणाचा मुलगा प्रवासात असतो, कुणाची लेक बाळंतपणाला आलेली असते. या फसवणुकीबद्दल बोलताना लोक 'हाव', 'उत्सुकता' असे शब्द वापरतात. मी हावेने फोन केला नव्हता. ज्याला कुणाची काळजी आहे तो माणूस फोन परत लावणारच, आणि ठग त्याच काळजीवर पैसे कमावतो. मला या धंद्याची चीड आहे ती यासाठी.

तक्रारीची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तिच्यात सगळा वेळ वाट बघण्यातच गेला. कंपनीच्या तक्रारीच्या नंबरवर, १९८ वर, फोन केला. पलीकडचा मुलगा नम्र होता. म्हणाला, "मॅडम, कॉल तुमच्याच फोनवरून गेलाय ना?" गेला होता. मी नाकारलं नाही. तरी तक्रार नोंदवून घ्या म्हणाले आणि मेसेजवर डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, येईपर्यंत फोन ठेवला नाही. हे मात्र प्रत्येकाने करावं. डॉकेट नंबर नसेल तर पुढे तुम्ही तक्रार केलीच नव्हती असं धरलं जातं. चार दिवसांनी मेसेज आला, आकारणी योग्य आहे, तक्रार बंद.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीने सांगितलं की इथे थांबायचं नसतं. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, तिच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक टेलिकॉम कंपनीला तक्रार केंद्राच्या वर एक अपील प्राधिकारी ठेवावाच लागतो. अपिलाला फी नाही, आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. पत्ता आणि ईमेल कंपनीच्या वेबसाइटवर असतो, पण खूप खाली जाऊन शोधावा लागतो. मी मराठीत कच्चा मसुदा केला, मुलीने तो इंग्रजीत नीट लिहिला. त्यात रडगाणं ठेवलं नाही. मिस कॉलची वेळ, माझ्या दोन कॉलची वेळ, सात वर्षांत या नंबरवरून एकही आयएसडी कॉल नाही याची जुनी बिलं, आणि एक प्रश्न, की ही सेवा सुरू करा असं मी कधी आणि कुठे सही करून सांगितलं होतं, तो कागद दाखवा. सोबत मिस कॉलचा स्क्रीनशॉट जोडला.

बिल मात्र पूर्ण भरलं. काहींनी सांगितलं, वादातली रक्कम भरू नकोस. पण त्या दिवसांत माझा नंबर बंद पडणं मला परवडणारं नव्हतं. वडील हॉस्पिटलमध्ये असताना तत्त्वासाठी फोन तुटू द्यायचा नाही असं मी ठरवलं, आणि आजही मला ते बरोबर वाटतं.

साधारण महिन्याभराने उत्तर आलं. आकारणी नियमाप्रमाणे आहे, तरी सद्भावना म्हणून निम्मी रक्कम पुढच्या बिलात वळती करत आहोत. ६७२ रुपये ६० पैसे. माझ्या प्रश्नातल्या कागदाबद्दल एक ओळही नव्हती. पुढे ग्राहक आयोगाकडे जाता आलं असतं. टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. पण उरलेल्या निम्म्या रकमेसाठी रजा टाकण्याइतक्या रजाच माझ्याकडे उरल्या नव्हत्या.

दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर 'चक्षू' नावाची सोय मार्च २०२४ पासून आहे, संशयास्पद फोन आणि मेसेज कळवण्यासाठी. तो नंबर मी तिथे नोंदवला. पाच मिनिटांचं काम आहे. बँक खात्यातून किंवा यूपीआयने पैसे गेले असतील तर मात्र सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, ताबडतोब फोन करायचा. तिथे मिनिटामिनिटाला महत्त्व असतं.

जळगावला पुन्हा गेले ती अण्णांना घरी आणल्यावर. त्यांच्या उशाशी त्यांची जुनी टेलिफोन डायरी होती, कडा काळवंडलेली. पहिल्या दोन पानांवर एसटीडी कोड छापलेले. अण्णा वॉकर धरून बसले होते. मी एकेक कोड वाचत गेले आणि मुलगी मोबाइलवर देशांची यादी लावत गेली. कोल्हापूर २३१, तर +२३१ लायबेरिया. सांगली २३३, तर +२३३ घाना. इचलकरंजी २३०, मॉरिशस. नाशिक २५३, जिबूती. नगर २४१, गॅबॉन. संभाजीनगर २४०, इक्वेटोरियल गिनी. पुण्याचा २० तर थेट इजिप्त. मुंबईचा २२ आणि त्यापुढे लँडलाइनचा २ आला की २२२, म्हणजे मॉरिटानिया. अण्णा निवृत्त शिक्षक. त्यांनी थांबवलं आणि विचारलं, "असं का?" कारण साधं आहे. आपल्याकडे महाराष्ट्रातले बहुतेक कोड २ ने सुरू होतात, विदर्भातले बरेचसे ७ ने. आणि जगाच्या नंबरवाटपात २ हा आकडा मुख्यतः आफ्रिकेला गेला आहे. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण अर्धवट झोपेत, चष्म्याशिवाय, कोल्हापूरच्या माणसाला २३१ गावचाच वाटणार आणि नाशिकच्या माणसाला २५३. अण्णांनी पेन मागितलं आणि थरथरत्या हाताने त्या पानाच्या वर प्लसचं चिन्ह काढून त्याला गोल केला.

आयएसडी बंद करायला सांगितलं तेव्हा कस्टमर केअरवाली दोनदा म्हणाली की त्यापेक्षा आयएसडी पॅक घ्या, दर कमी पडेल. मला दर कमी नको होता, दारच बंद हवं होतं. बंद केल्यावर बाहेरून येणारे फोन येतातच, फक्त इथून बाहेर जात नाहीत. भाची दुबईला आहे, तिच्याशी व्हॉट्सॲपवर बोलते, त्याला आयएसडी लागत नाही. बंद झाल्याचा मेसेज आला तरी मी खात्री करून घेतली. भाचीच्या नंबरवर साधा फोन लावला. 'ही सुविधा उपलब्ध नाही' असं ऐकू आलं तेव्हा समाधान झालं. अण्णांचा फोन प्रीपेड आहे आणि त्यात बोलण्याचा शिल्लक बॅलन्स नऊ रुपये. प्रीपेडवर नुकसान शिलकीपुरतंच होतं, त्यामुळे तिथे पॅक सोडून जादा टॉकटाइम ठेवायचा नाही एवढं पुरलं.

दादाचं तसं नव्हतं. त्याचा केळीचा धंदा. रावेर-यावलकडचा माल आखातात जातो, तेव्हा त्याला परदेशातून अनोळखी नंबरांवरून फोन येतात आणि ते परत लावावेच लागतात. त्याला 'आयएसडी बंद कर' सांगणं म्हणजे दुकान बंद कर सांगण्यासारखं. त्याने वेगळी सवय लावून घेतली आहे. एका रिंगचा परदेशी मिस कॉल आला की तो परत फोन करत नाही, त्या नंबरावर व्हॉट्सॲपवर 'कोण?' एवढं टाकतो. खरा व्यापारी असेल तर उत्तर येतं, नाहीतर तो स्वतःच पुन्हा फोन करतो. बऱ्याच ठगांच्या नंबरांवर व्हॉट्सॲपच नसतं. आपल्या ओळखीतल्या देशांचे कोड त्याने गोदामाच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलेत, अमिराती ९७१, ओमान ९६८, सौदी ९६६, इराण ९८. त्यात नसलेला आकडा दिसला की हात आपोआप थांबतो, म्हणाला.

पण मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका वेगळ्याच गोष्टीचा. त्या रात्री मी तो नंबर परत लावला, कारण दादाचा फोन सायलेंटवर होता. तो उचलला असता तर पुढचं काही घडलंच नसतं. म्हणून त्याच्या फोनमध्ये मुलीने माझा आणि वहिनीचा नंबर असा लावून दिला की फोन शांत ठेवला तरी आमचे दोन नंबर वाजतातच. हॉस्पिटलचा लँडलाइन, डॉक्टरांचा मोबाइल, मेडिकलवाला आणि शेजारच्या काकू, सगळे नावानिशी सेव्ह केले. हॉस्पिटलमधून फोन आला तर आता आकडे दिसणार नाहीत, 'अण्णा हॉस्पिटल' असं दिसेल. आणि घरात ठरलं की रात्री निकड असेल तर एक रिंग देऊन ठेवायचा नाही, उचलेपर्यंत वाजवायचा. आमच्या पिढीला ही सवय मोडायला जड जाते. 'पोचलीस की मिस कॉल दे' यावरच आम्ही पैसे वाचवले. एक रिंग म्हणजे आपलं माणूस, हे आम्ही वर्षानुवर्षं हातात मुरवून घेतलं आहे.

मेमध्ये पुन्हा एकदा वाजला. रात्रीचा एक वाजून गेला होता. एकच रिंग. छाती तशीच धडधडली, ते काही ठरवून थांबत नाही. पण मी आधी दिवा लावला, चष्मा घातला. +२५२, पुढे बरेच आकडे. नाव नाही. तो नंबर तसाच ठेवून दादाला लावला. दुसऱ्या रिंगला उचलला.

"झोपलेत," तो म्हणाला. "घोरतायत, ऐक." आणि त्याने फोन अण्णांच्या कॉटजवळ नेला.